टोसिलिझुमॅब: आमवातावर काही महिने घेतल्यानंतरचा अनुभव

2021 साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत ज्या इंजेक्शनसाठी नातेवाईक रात्र रात्र फोन फिरवत होते, तेच टोसिलिझुमॅब मी आमवातासाठी घेते आहे. आठवड्यातून एकदा मिथोट्रेक्सेट हे आमवाताचं नेहमीचं औषध आणि सोबत फॉलिक ॲसिड बरीच वर्षं चालू होतं, तरी बोटं सुजायचीच. तासगावला आमची द्राक्षबाग आहे. विरळणीला कात्री धरायची तर मूठ वळायला हवी, आणि सकाळी ती वळतच नसे.

आता दर चार आठवड्यांनी मिरजेला जाऊन सलाईनमधून घेते, तासाभराचं काम. पहिल्या डोसनंतर फारसं काही जाणवलं नाही. पुढच्या दोन-तीन डोसांत सकाळचा ताठरपणा उतरत गेला, आणि फळछाटणीनंतरची विरळणी मी बाकीच्या बायकांच्या बरोबरीनं केली. मनगट मात्र वाकडंच आहे. झिजलेला सांधा या औषधानं भरून येत नाही, ही अपेक्षा ठेवूच नका.

आमवातात इंटरल्यूकिन-6 नावाचं प्रथिन जास्त तयार होतं आणि सांध्यातली सूज धगधगत ठेवतं. ओसाका विद्यापीठात किशिमोतो आणि हिरानो यांच्या गटानं 1986 साली त्याचं जनुक शोधलं, दोन वर्षांनी ते ज्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागेवर, बसतं तो ग्राहीही. टोसिलिझुमॅब ही प्रतिपिंड त्या ग्राहीवरच जाऊन बसते. चार्जरच्या भोकात बूच घातल्यावर पिन आत जाईल कुठून? प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी Y सारखा असतो, वर दोन हात आणि खाली शेपटी. ग्राही धरण्याचं काम त्या दोन हातांचं. शेपटीमुळे ती रक्तात बराच काळ टिकते. सर्टोलिझुमॅब या आमवाताच्या दुसऱ्या औषधात शेपटी ठेवलेलीच नाही, नुसता हाताचा तुकडा घेऊन टिकण्यासाठी त्याला पॉलिमर जोडलंय. ते टीएनएफ या दुसऱ्या प्रथिनाला पकडतं. शेपटी नसल्यानं वारेतून बाळापर्यंत फारच कमी पोहोचतं, म्हणून मूल हवं असलेल्या मुलींनी डॉक्टरांकडे या औषधाबद्दल जरूर विचारावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सीआरपी म्हणजे अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग असला की रक्तात वाढणारं प्रथिन. यकृत ते बनवतं ते मुख्यतः इंटरल्यूकिन-6 च्या सांगण्यावरून. तो निरोपच अडवला की अंगात जंतुसंसर्ग असतानाही सीआरपी नॉर्मल येऊ शकतो, तापही दबतो. पावसाळ्यात मला लघवीला जळजळ होत होती. ताप नाही, सीआरपी अगदी छान. गावातल्या डॉक्टरांना मी औषधाचं नाव आधीच सांगितलं होतं, म्हणून त्यांनी त्या आकड्यावर न थांबता लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, करायला लावलं. जंतू निघाले. पुढचा डोस लांबवला, अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण केला. दाताच्या डॉक्टरांपासून सगळ्यांना हे नाव सांगा, फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी, छातीचा एक्स-रे आणि हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे. नंतर रक्तपेशी, यकृत आणि कोलेस्टेरॉल अधूनमधून बघतात. माझं कोलेस्टेरॉल वाढलं, त्याची गोळी सुरू आहे. आतड्याला सूज येण्याचा जुना त्रास असेल तर तो आधी सांगा, आतड्याला छिद्र पडण्याचा धोका नोंदलेला आहे.

खर्च जड आहे. डोस वजनावर ठरतो, मला किलोला 8 मिलिग्रॅमनं देतात. वजन 50 किलो असेल तर 400 ची एक कुपी पुरते, 55 असेल तर सोबत 80 ची लागते. म्हणून कुपी घेण्याआधी दवाखान्यातच वजन करून घ्या. औषध 2 ते 8 अंशांत राहावं लागतं. आमच्याकडे वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, त्यामुळे मी ते घरी आणतच नाही, त्याच दिवशी मिरजेत घेते.