टॅनिंग बेड की रंग देणारं लोशन?
युरोप-अमेरिकेत गोरी त्वचा तपकिरी करायला दोन मार्ग सर्रास वापरतात: दिव्यांखाली झोपायचा टॅनिंग बेड आणि रंग देणारं लोशन. टॅनिंग बेडचे दिवे मुख्यतः यूव्हीए (अतिनील किरणांचा एक प्रकार) किरण सोडतात. ते त्वचेत खोलवर जाऊन पेशींच्या डीएनएला इजा करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये हे बेड निश्चित कर्करोगकारक गटात टाकले. तंबाखूही त्याच गटात आहे! ब्राझीलने त्याच वर्षी त्यांच्या सौंदर्यासाठीच्या वापरावर बंदी घातली. ‘सुट्टीआधी थोडं टॅन केलं की ऊन बाधत नाही’ ही समजूत तर फारच घातक. त्या रंगाने मिळणारं संरक्षण अगदीच तुटपुंजं असतं.

लोशनमधलं डीएचए हे रसायन त्वचेच्या वरच्या मृत थरालाच रंगवतं, साधारण आठवड्यात उतरतं. रंग हवाच असेल तर मी हेच सुचवेन. उन्हात सनस्क्रीन मात्र लावाच, आणि लोशनऐवजी डीएचएचा स्प्रे घेताना डोळे, ओठ, नाक झाका.