अँटीव्हायरस थोडा वेळ बंद करायचाय? टायमर, रिस्टार्टपर्यंत, एक्सक्लूजन की सँडबॉक्स, नेमकं काय निवडायचं

रिटर्न भरायचे दिवस आले की नाशिकच्या कॅनडा कॉर्नर, शरणपूर रोडच्या सीए ऑफिसांमधून हा प्रश्न हमखास येतो, डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन लावलंय, सही करायचं एमसायनर सॉफ्टवेअर चालू होत नाहीये, अँटीव्हायरस बंद करून बघू का. अंबड-सातपूरला वर्कशॉपवाल्यांचं मशीनच्या सॉफ्टवेअरचं सेटअप अडकतं, रविवार कारंज्याकडच्या छापखान्यात मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर अँटीव्हायरसने उचलून बाजूला टाकलेलं असतं, प्रश्न सगळ्यांचा तोच.

बंद करता येतो, त्यात काही गुन्हा नाही. पण "बंद करणं" हे एकच काम नाहीये, त्याचे चार-पाच वेगवेगळे रस्ते आहेत आणि कुठला घ्यायचा हे ठरवताना मी दोनच गोष्टी बघतो: किती भाग उघडा पडतो, आणि परत चालू कोण करणार, तुम्ही की तो आपोआप. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण काम झालं की आपण चहा घ्यायला उठतो, गिऱ्हाईक येतं, फोन येतो आणि बंद केलेलं बंदच राहतं, महिनोन्महिने.

पण त्याच्याही आधी, अडवतंय नेमकं कोण ते बघा, कारण बऱ्याचदा अडवणारा अँटीव्हायरस नसतोच. निळी खिडकी येऊन "विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी" म्हणत असेल तर ते स्मार्टस्क्रीन आहे, फाइल फारशी कुणी डाउनलोड केलेली नसेल किंवा त्याच्या ओळखीची नसेल तरी ते टोकतं, तिथे मोर इन्फो दाबून रन एनीवे हा पर्याय मिळतो, त्यासाठी अँटीव्हायरसला हातही लावायची गरज नाही. सॉफ्टवेअर चालतंय पण डॉक्युमेंट्समध्ये फाइल सेव्ह होत नाही, असं असेल तर कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस, म्हणजे अनोळखी प्रोग्रामला महत्त्वाच्या फोल्डरमध्ये बदल करू न देणारी विंडोजची सोय, चालू आहे का बघा, तिथे त्या एका प्रोग्रामला परवानगी देता येते. आणि एमसायनरसारख्या गोष्टी ब्राउझर आणि तुमच्याच कॉम्प्युटरवरचा एक छोटा प्रोग्राम यांच्यात बोलणं करून चालतात, त्यामुळे तिथे अडचण कधी फायरवॉलची असते, कधी ब्राउझरची, कधी तो प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू केलेला नसतो एवढीच. विंडोज सिक्युरिटीमध्ये प्रोटेक्शन हिस्टरी नावाचं पान आहे, तिथे काय पकडलं, कधी पकडलं, कुठल्या फोल्डरमधून, सगळं लिहिलेलं असतं. दोन मिनिटं ते वाचा, मगच पुढचं.

आता समजा खरंच अँटीव्हायरसच अडवतोय. तर पहिली तुलना टायमर आणि रिस्टार्टची.

बहुतेक विकतच्या अँटीव्हायरसमध्ये खाली घड्याळाजवळच्या आयकॉनवर राइट क्लिक केलं की किती वेळ बंद ठेवायचं ते विचारतात. आपल्याकडे घरोघरी असतो तो पुण्याचा क्विक हील, त्यात १५ मिनिटं, ३० मिनिटं, १ तास, पुढच्या रिबूटपर्यंत, नाहीतर कायमचं असे पर्याय मिळतात. अवास्टमध्ये १० मिनिटं, १ तास, रिस्टार्टपर्यंत, कायमचं. व्हर्जन बदललं की शब्द थोडे इकडेतिकडे होतात पण रचना साधारण हीच. यातला सगळ्यात कमी मिनिटांचा घ्या, डोळे झाकून. पुरले नाहीत तर परत १५ मिनिटं वाढवता येतात, त्याला कुणी अडवत नाही.

लोक मात्र रिस्टार्टपर्यंत हा पर्याय सुरक्षित समजून निवडतात आणि मला तो या सगळ्यात फसवा वाटतो. लॅपटॉप कोण रिस्टार्ट करतं हो? झाकण खाली केलं की तो झोपतो, सकाळी उघडला की तिथूनच पुढे चालू. आणि विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केलं तरी ते पूर्ण बंद होणं नसतं, सिस्टिमचा काही भाग जपून ठेवला जातो, खरं नव्याने चालू होणं फक्त रिस्टार्टचं बटण दाबल्यावर. म्हणून हा पर्याय एकाच ठिकाणी घ्या, जिथे सेटअप संपल्यावर स्वतःच रिस्टार्ट मागतो. कायमचं बंद या पर्यायाकडे तर बघूही नका.

विंडोजचा स्वतःचा डिफेंडर या बाबतीत चांगला आहे. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग मॅनेज सेटिंग्ज, तिथे रिअल-टाइम प्रोटेक्शनचं बटण बंद करायचं, आणि थोड्या वेळाने तो आपला आपण परत चालू होतो. तोट्याची बाजू अशी की नेमके किती मिनिटांनी ते तुमच्या हातात नाही, त्यामुळे तासभर चालणाऱ्या मोठ्या इन्स्टॉलेशनमध्ये मध्येच जागा होऊन तो फाइल उचलू शकतो. त्याच पानावर टॅम्पर प्रोटेक्शनही दिसेल, ते दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने गुपचूप डिफेंडरच्या सेटिंग्ज बदलू नयेत म्हणून आहे, हाताने थोडा वेळ बंद करायला ते आड येत नाही, तेव्हा ते चालूच ठेवा. कुणी रजिस्ट्रीत अमुक करा, ही फाइल चालवा म्हणजे डिफेंडर कायमचा जातो असं सांगत असेल तर ऐकू नका.

दुसरा रस्ता एक्सक्लूजनचा, म्हणजे अँटीव्हायरस चालूच, फक्त एका फाइलकडे किंवा फोल्डरकडे त्याने बघायचं नाही. रोज रोज येणारी अडचण असेल तर हाच बरोबर. टॅलीचा डेटा फोल्डर, कॅड-कॅमचं काम चालतं तो फोल्डर, जिथे सतत शेकडो फाइली उघडबंद होतात आणि प्रत्येक वेळी तपासणीने काम रेंगाळतं, तिथे रोज अँटीव्हायरस बंद करत बसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. पण याला टायमर नाही. एकदा दिलेली सूट तुम्ही काढेपर्यंत राहते, आणि तो फोल्डर त्या अँटीव्हायरससाठी कायमचा आंधळा कोपरा होतो. म्हणून जितकं बारीक तितकं बरं: शक्य असेल तर एक फाइल, नाहीतर एक फोल्डर. पूर्ण सी ड्राइव्ह, डाउनलोड्स, डेस्कटॉप, पेन ड्राइव्ह, किंवा डॉट ईएक्सई असा अख्खा फाइलप्रकारच, हे कधीच नाही. आणि डिफेंडरमध्ये प्रोसेस एक्सक्लूजन म्हणून आहे त्याचा अर्थ लोक उलटा घेतात, तो प्रोग्राम तपासू नको असा त्याचा अर्थ नाही, तो प्रोग्राम ज्या ज्या फाइली उघडेल त्या चालू तपासणीतून सुटतात, म्हणजे भगदाड वाटतं त्यापेक्षा मोठं. नक्की माहीत असल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

तिसरा, क्वारंटाइनमधून, म्हणजे अँटीव्हायरसने संशयावरून कोंडून ठेवलेल्या फाइलींतून, परत आणणं. छापखान्याच्या उदाहरणात हाच योग्य, कारण टायपिंगची सॉफ्टवेअरं कळफलकावर दाबलेली प्रत्येक की मध्येच पकडून तिचं मराठी अक्षर करतात, आणि पासवर्ड चोरणारे प्रोग्रामसुद्धा की अशाच पकडतात, मग अँटीव्हायरसला संशय येणं साहजिक आहे. अशा वेळी अख्खं संरक्षण बंद करून परत इन्स्टॉल करण्यात अर्थ नाही, चालू केल्यावर तो परत पकडणारच. प्रोटेक्शन हिस्टरीत जाऊन ती एकच नोंद रिस्टोअर किंवा अलाऊ करा. मात्र आधी खात्री हवी की हा चुकीचाच संशय आहे.

ती खात्री कशी करायची? फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे डिजिटल सिग्नेचर्स टॅब आहे का आणि नाव खऱ्या कंपनीचं आहे का बघा, ही पहिली पायरी. मग व्हायरसटोटल, तिथे एकच फाइल सत्तरेक अँटीव्हायरसकडून तपासून मिळते, २०१२ पासून ते गूगलकडे आहे. दोन-तीन अनोळखी इंजिनांनी लाल दाखवलं आणि बाकी सगळी गप्प असतील तर बहुधा चुकीचा संशय, पण नामांकित पाच-दहा जणांनी एका सुरात पकडलं असेल तर तो विषय तिथेच संपला. फक्त सेटअपच्या फाइलीच तिथे टाका, गिऱ्हाइकाचा ताळेबंद, आधार-पॅनच्या प्रती नाही, कारण टाकलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि संशोधकांना मिळू शकते.

त्याहून पुढे जायचं असेल तर विंडोज सँडबॉक्स. कॉम्प्युटरच्या आत एक तात्पुरता कोरा कॉम्प्युटर उघडतो, त्यात सेटअप चालवून बघायचं, खिडकी बंद केली की सगळं पुसलं जातं. विंडोज १० च्या १९०३ व्हर्जनपासून तो मिळतो, पण प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांमध्येच, होममध्ये नाही, आणि घरच्या बऱ्याच लॅपटॉपवर होमच असतं. रॅम किमान ४ जीबी लागते, ८ असेल तर बरं. डीएससी टोकन किंवा मशीनला जोडायची सॉफ्टवेअरं यात तपासता येत नाहीत, यूएसबी आत पोचत नाही. पण कुणीतरी पाठवलेली अनोळखी युटिलिटी असेल तर यासारखं दुसरं काही नाही.

अँटीव्हायरस काढूनच टाकायचा आणि नंतर परत टाकायचा असंही काही जण करतात, फार वेळखाऊ आणि लायसन्सची कटकट वेगळी, ते सोडा.

मग माझं मत काय? एकदाच करायचं इन्स्टॉलेशन असेल आणि फाइल अधिकृत साइटवरूनच घेतली असेल, तर टायमर. रोजचं काम अडत असेल तर एका फोल्डरचं एक्सक्लूजन. आधीच पकडलेली ओळखीची फाइल, तर रिस्टोअर. फाइलबद्दल मनात जरा जरी शंका असेल तर सँडबॉक्स, आणि तो नसेल तर थांबा, बंद करू नका. आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सेटिंग ॲडमिनिस्ट्रेटरने लॉक केल्याचं दिसत असेल तर ते तुम्ही ठरवायचं नाहीच, आयटीवाल्याला फोन करा, अंबडच्या मोठ्या कंपन्यांत एका मशीनवरची सूट सगळ्या नेटवर्कला भोवू शकते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस असाच पसरला, कुणी काही क्लिक न करता, नेटवर्कमधल्या एका मशीनवरून दुसऱ्यावर.

बंद करायचंच ठरलं तर क्रम असा ठेवा. सेटअपची पूर्ण ऑफलाइन फाइल आधी उतरवून घ्या, अँटीव्हायरस चालू असतानाच तिच्यावर राइट क्लिक करून स्कॅन करा, पेन ड्राइव्हवरून आणली असेल तर पेन ड्राइव्हही. उघडी कामं सेव्ह करा, ब्राउझर आणि मेल बंद, बाकीचे पेन ड्राइव्ह काढा, वायफाय बंद किंवा लॅनची वायर काढा. मग टायमर लावून बंद करा, इन्स्टॉल करा, लगेच हाताने चालू करा, टायमरची वाट बघू नका. इन्स्टॉल झालेला फोल्डर स्कॅन करा आणि मगच इंटरनेट जोडा. फायरवॉल वेगळी असते, तिला या सगळ्यात हात लावायचा नाही.

आणि दोन प्रसंग असे की तिथे तुलना करायचीच नाही. एक, क्रॅक किंवा ॲक्टिव्हेटरसोबत आलेली सूचना की आधी अँटीव्हायरस बंद करा. दोन, बँकेतून किंवा कंपनीतून बोलतोय म्हणणारा फोनवरचा माणूस, जो एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं ॲप) उघडायला लावतो आणि मग संरक्षण बंद करायला सांगतो. तो फोन तिथेच ठेवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

चालू केल्यावर ते खरंच चालू झालं का हे बघायला विंडोज सिक्युरिटीच्या ढालीवर हिरवी खूण दिसते का ते बघा. त्यावरही विश्वास बसत नसेल तर आयकार नावाची एक ६८ अक्षरांची चाचणी फाइल मिळते, आयकार संस्थेच्याच साइटवर, ती पूर्ण निरुपद्रवी आहे पण सगळे नेहमीचे अँटीव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस समजून पकडतात. ती डाउनलोड करा. क्षणात उचलली गेली तर तुमचा अँटीव्हायरस जागा आहे, आणि फाइल तशीच डाउनलोड्समध्ये पडून राहिली तर कुठेतरी काहीतरी अजून बंद आहे, आधी एक्सक्लूजनची यादी उघडून बघा, बहुतेक वेळा तिथेच कुणीतरी पूर्वी दिलेली आणि विसरलेली सूट सापडते.