ब्रोकरेज शून्य, पण विकताना काय?

भाचा हिंजवडीत नोकरीला लागला आणि दुसऱ्याच पगाराला विचारायला आला, "मामा, शेअर घ्यायचेत, डीमॅट कुठे काढू?" महिन्याला दोन हजार टाकणार, त्यापेक्षा जास्त नाही. डीमॅट म्हणजे शेअर ठेवायचं खातं. एवढ्या रकमेला कुठलं खातं परवडतं, ते आम्ही कागदावर मांडून पाहिलं.

माझं पहिलं खातं सदाशिव पेठेतल्या एका सब-ब्रोकरकडे होतं. फोनवर ऑर्डर, गेलं की चहा, आणि कमीत कमी ब्रोकरेज (दलाली) २५ रुपये. दोन हजारांच्या खरेदीवर जीएसटी धरून साडेएकोणतीस, म्हणजे जवळपास दीड टक्का घेतानाच गेला. विकताना पुन्हा तेवढाच. सल्ला मात्र फुकट मिळायचा, आणि त्याची किंमत मी नंतर मोजली. बँकेच्या थ्री-इन-वन खात्यात (बचत, ट्रेडिंग आणि डीमॅट एकत्र) पैसे इकडून तिकडे करायची कटकट नाही, पण ब्रोकरेज सहसा ॲपपेक्षा जास्तच.

राहिली ॲप. झिरोधावर डिलिव्हरीला, म्हणजे शेअर घेऊन ठेवायला, ब्रोकरेज शून्य. ग्रो ॲपवर ०.१ टक्के किंवा २० रुपये, यातलं जे कमी ते, पण निदान ५ रुपये. म्हणजे दोन हजारांवर ५ रुपये अधिक जीएसटी. एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा कर, ०.१ टक्के घेताना आणि विकतानाही, स्टॅम्प ड्यूटी ०.०१५ टक्के फक्त घेताना. हे सरकारचे पैसे, कुठेही गेलात तरी द्यावेच लागतात.

खरी मेख विक्रीत आहे. शेअर डीमॅटमधून बाहेर गेला की डीपी चार्ज, म्हणजे डीमॅट सांभाळणाऱ्याचं शुल्क, लागतो, आणि तो रकमेवर नसतो, एका कंपनीमागे एका दिवसाला ठरलेला असतो. झिरोधावर १५ रुपये ३४ पैसे. (बाईच्या नावावर खातं असेल तर सीडीएसएल, म्हणजे शेअर जिथे जमा असतात ती डिपॉझिटरी, २५ पैसे सोडते. तेवढ्यासाठी बायकोच्या नावावर काढू नका.) एकाच कंपनीचे दोन हजारांचे शेअर एकदम विकले तर १५ रुपये. तेच पाचशे-पाचशेचे चार दिवस विकले तर ६१ रुपये ३६ पैसे, म्हणजे तीन टक्के गेले. शून्य ब्रोकरेजची जाहिरात वाचणारा हा हिशोब करत नाही.

दुसरी गोष्ट वार्षिक देखभाल शुल्काची. बाजार नियामक सेबीच्या सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमाने बेसिक डीमॅटला (छोट्या गुंतवणूकदारांसाठीचं खातं) चार लाखांपर्यंतच्या गुंतवणुकीवर ते शून्य आहे, पण तुमच्या नावावर एकच डीमॅट असेल तरच. कुठलं तरी व्हाउचर मिळतंय म्हणून दुसरं ॲप उघडलंत की ही सवलत गेली. मित्राने पाठवलेली रेफरल लिंक भाच्याने माझ्यासमोर डिलीट केली.

त्याच्यासाठी मी झिरोधा म्हटलं: महिन्याला खरेदी आणि विक्री क्वचित, तर शून्य ब्रोकरेज कामाला येतं. रोज खरेदी-विक्री करणाऱ्याला माझा सल्ला वेगळा असता, पण तसल्याला मी कागद-पेन काढून देणारच नाही.

फॉर्म भरता भरता तो नॉमिनीच्या रकान्यापाशी थांबला आणि पॅन नंबर विचारायला आईला फोन लावला.