भेळ सापडली, 16,950 रुपये गेले

आधीच सांगते, भेळ म्हणजे आमची मांजर, आणि ती घरी आहे. आत्ता वॉशिंग मशीनवर बसून पंजा चाटतेय. तेव्हा "सापडली का हो?" असं विचारू नका, पैसे सापडले का ते विचारा. नाही सापडले. पाच वेळा मिळून 16,950 रुपये गेले आणि पाचही वेळा पिन मी माझ्याच बोटांनी टाकला.

मी अकाउंट्समध्ये काम करते. बावीस वर्षं झाली. कंपनीच्या स्टेटमेंटमधले सात रुपये जुळत नाहीत म्हणून रात्री आठपर्यंत ऑफिसात बसलेली बाई आहे मी. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे सासूबाईंना मीच शिकवलंय, त्यांच्या फोनच्या कव्हरमध्ये तशी चिठ्ठी घालून ठेवलीय. म्हणून तर हे लिहायला अडीच महिने लागले.

1 नोव्हेंबर 2024, लक्ष्मीपूजन. आमची डोंबिवली पूर्वेची जुनी बिल्डिंग, तिसरा मजला. भेळ साडेतीन वर्षांची. फडके रोडवर भेळवाल्याच्या गाडीखाली सापडली होती आणि अंगावर पांढरा, काळा, केशरी असा सगळा चिवडा, म्हणून भेळ. पूजा चालू असताना खाली कोणीतरी सुतळी बॉम्ब लावले, एकामागून एक. उदबत्तीचा धूर जावा म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी मी जरा सरकवली होती. आरती संपली तेव्हा खिडकीत फक्त पडदा हलत होता.

सासूबाई पहिल्या रात्रीच म्हणाल्या, "अगं, मांजर घर सोडून जात नाही. इथंच कुठंतरी सांदीत बसली असेल. रात्री सामसूम झाली की खाली जाऊन हाक मार." मी दोनदा खाली गेले, पण फटाके वाजतच होते. मग मला वाटलं, हे जुन्या काळातलं झालं, आपण पोस्टर करू.

पाडव्याला एकच झेरॉक्सवाला उघडा होता. चाळीस रंगीत प्रिंटचे त्याने 400 घेतले (ते मी नुकसानीत धरलेले नाहीत). पोस्टरवर काय नव्हतं ते विचारा. समोरून काढलेला मोठा फोटो, माझा नंबर, हरवल्याची वेळ, निळा पट्टा, "सुका खाऊ आवडतो", आणि खाली ठळक अक्षरांत "5,000 रुपये बक्षीस". म्हणजे मी घाबरलेय किती आणि माझ्याकडे पैसे आहेत किती, दोन्ही एका कागदावर छापून खांबाखांबांवर चिकटवलं. बक्षीस द्यायचं तर द्या, आकडा लिहू नका. आणि एक खूण स्वतःजवळ ठेवा. भेळच्या शेपटीच्या टोकाला जन्मजात गाठ आहे, बोटाला लागते. ती लिहायला कागदावर जागा उरली नाही, एवढंच माझं नशीब. पण त्या नशिबाचाही मी उपयोग केला नाही.

भाऊबीजेला दुपारी पावणेतीनला फोन आला. हातात औक्षणाचं ताट, समोर पाटावर भाऊ. "ताई, पोस्टर बघितलं. काळजी करू नका, तुमचं मांजर माझ्याकडे आहे."

मराठीत बोलला. अगदी आपल्यासारखा, "ताई" म्हणत. कुठलीतरी बँकेची केवायसी सांगत कोणी फोन केला असता तर मी तिथेच ठेवला असता. इथे समोरून आवाज येतोय, मागे लहान मूल रडतंय, आणि माणूस सांगतोय की मांजर भाजीच्या टेम्पोत शिरून टिटवाळ्याला आलं, पाय लचकलाय, डॉक्टरकडे नेलंय. मांजरं गाड्यांत शिरतात, हे काही खोटं नाही. तुम्हीही विश्वास ठेवला असता.

डॉक्टरचे 1,150. दोन बावन्नला पाठवले.

मग मी फोटो मागितला. खरं म्हणजे सगळं इथेच संपायला हवं होतं. त्याने फोटो पाठवला. निळ्या चादरीवर भेळ. भेळचा काळा डाग डाव्या डोळ्यावर आहे, केशरी उजव्या कानाकडे. साडेतीन वर्षं रोज सकाळी सहाला तो चेहरा माझ्या छातीवर बसून माझ्याकडे बघतो. फोटोत काळा डाग उजव्या डोळ्यावर होता. मला दिसलं. दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. फोन जवळ घेऊन, दोन बोटांनी मोठं करून मी तो डाग बघितला, आणि स्वतःलाच सांगितलं, सेल्फीच्या कॅमेऱ्याने काढला असेल, त्यात उलटं येतं. मांजराचा फोटो सेल्फीच्या कॅमेऱ्याने कोण काढतं? त्या रात्री मी माझाच पोस्टरचा फोटो फोनमध्ये उलटा करून बघितला. मिशीन् मिशी जुळली. माझाच फोटो आरशासारखा फिरवून, मागची भिंत पुसून, खाली चादर घालून मला परत पाठवला होता, आणि मी त्याला 1,150 देऊन वर थँक्यू म्हटलं होतं.

एवढ्यावर थांबलं नाही. तो म्हणाला, "बोका फार शांत आहे हो तुमचा." तीन रंगांचं मांजर! केशरी आणि काळा असे दोन्ही रंग एका अंगावर यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात, म्हणून तिरंगी मांजर जवळपास नेहमीच मादी असते. मांजर पाळणाऱ्याला हे माहीत असतंच, आणि मांजर हातात धरून डॉक्टरकडे नेलेल्याला तर डॉक्टरच सांगतो. मी काय केलं? "अहो, बोका नाही, मादी आहे ती, भेळ नाव तिचं" असं प्रेमाने दुरुस्त केलं. पुढच्या फोनला तो म्हणाला, "भेळने दूध प्यायलं." मला रडू आलं.

भाऊ म्हणत होता, ताई, व्हिडिओ कॉल कर. केला. त्याने कट केला, नेट नाही म्हणाला, मांजर बिथरतंय म्हणाला. मी भावालाच म्हटलं, "तू गप्प बस, तुला मांजरांतलं काय कळतं." भाऊबीजेच्या दिवशी. ओवाळणीचं पाकीट अजून ताटातच होतं. व्हिडिओ कॉल नाही तर एक पैसा नाही. आणि व्हिडिओत शेपूट दाखवायला सांगा, कान दाखवायला सांगा, तुम्ही म्हणाल ते.

गाडीचे 1,800, तीन वीसला. मग पिंजऱ्याचं डिपॉझिट 3,500, "परत मिळणारं आहे ताई, पिंजरा डॉक्टरांचा आहे", चार दहाला. आम्ही दोघं टिटवाळ्याला येतो म्हटलं, लोकलने अर्धा-पाऊण तास, तर म्हणाला, गाडी निघाली पण. हे लक्षात ठेवा, जो तुम्हाला स्वतः येऊ देत नाही त्याच्याकडे मांजर नाही.

साडेपाचला फोन. गाडी तुमच्या एरियात आलीय, डिपॉझिट आधी परत घ्या म्हणजे ड्रायव्हर पिंजरा सोडेल. क्यूआर पाठवला. स्क्रीनवर 3,500 दिसत होतं. मी एक कान फोनला, एक डोळा खिडकीतून गेटवर, खालून कुठली गाडी वळतेय ते बघत होते. स्कॅन केला, पिन टाकला. 3,500 गेले. "अरेरे ताई, उलटं गेलं की. थांबा, आता 7,000 चा पाठवतो, दोन्ही एकदम येतील." मी तो पण स्कॅन केला.

हो. तो पण.

14,000 चा तिसरा क्यूआर आला तेव्हा भावाने फोन हातातून काढून घेतला. आम्ही सगळे सात वाजेपर्यंत गेटवर उभे होतो, ड्रायव्हरची वाट बघत. निदान मी तरी बघत होते.

सात वाजता 1930 ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. हा नंबर सगळ्यांनी आत्ताच सेव्ह करून ठेवा, पैसे गेल्यावर शोधत बसू नका. चौथ्या प्रयत्नाला लागला. बाई शांतपणे बोलल्या, प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर (बँकेच्या नोंदीत व्यवहार ओळखायचा नंबर) लिहून घेतला, तक्रार क्रमांक दिला. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मी गेटवर उभं राहून जो दीड तास घालवला, त्यात पैसे तिसऱ्या-चौथ्या खात्यात पोचले होते. बैल गेला आणि झोपा केला.

दुसऱ्या दिवशी आमच्या हद्दीतलं पोलीस ठाणं. मी प्रिंटआउट घेऊन गेले, तारीख-वेळ-रक्कम-यूटीआर असा तक्ता करून, शेवटी बेरीज करून. हवालदारांनी तक्ता बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "मांजरासाठी सतरा हजार?" पलीकडच्या टेबलावरचा हसला. मी म्हटलं, 16,950. तो अजून हसला. साहेब नाहीत, इलेक्शनचा बंदोबस्त आहे. पुढच्या आठवड्यात गेले, बंदोबस्त. एकदा सांगितलं, टिटवाळा आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा. अहो, टिटवाळा त्या चोराने सांगितलं, चोराच्या सांगण्यावरून हद्द ठरवता तुम्ही? 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा आलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती घ्यावी लागते, असं मी वाचून गेले होते. म्हटलं तर उत्तर आलं, "मॅडम, वकील आहात का?" नाही, अकाउंटंट आहे. "मग आकडे सांभाळायचे ना." हे उत्तर मी कित्येक रात्री डोक्यात घोळवलं, कारण त्यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

20 नोव्हेंबरला मतदान झालं, 23 ला निकाल लागला, गुलाल उधळून झाला, आणि 27 ला माझी फिर्याद घेतली. त्यातही "मांजर" शब्द लिहायचा की "पाळीव प्राणी" यावर पंधरा मिनिटं गेली. फसवणुकीचं कलम आता 420 राहिलं नाही, भारतीय न्याय संहितेत 318 झालंय, एवढं ज्ञान त्या दिवशी मिळालं. तुम्ही जाल तेव्हा तोंडी सांगून परत येऊ नका. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्याच. माझ्याकडे पहिल्या दोन फेऱ्यांचा काहीच पुरावा नाही.

बँकेचं तर विचारूच नका. कामाच्या तीन दिवसांच्या आत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात होतं, ते मी छापूनच नेलं होतं. काउंटरवरच्या मुलाने ते वाचलंही नाही. "मॅडम, ते अनऑथराइज्डला आहे. तुम्ही स्वतः पिन टाकलाय." बरोबर आहे त्याचं. म्हणूनच राग जास्त आला. मग मॅनेजरने सांगितलं की एका खात्यात 1,240 रुपये अडकवलेले आहेत, पण ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा. 1,240 साठी कल्याण कोर्टाच्या किती रजा टाकायच्या, याचा हिशोब मी केलाय. तीन अर्ध्या रजांतच तोटा सुरू होतो. तरी अर्ज केला. आता जानेवारी संपत आला, तारीख मिळालेली नाही.

आणि भेळ? 12 नोव्हेंबरला पहाटे शेजारच्या बिल्डिंगमध्ये झाडू मारणाऱ्या मावशींनी पंपरूममधून आवाज ऐकला. आमच्या खिडकीपासून मोजून तीस पावलं. पाण्याच्या टाकीच्या मागे, फळीच्या आड, अंगावर जळमटं, निळा पट्टा कुठे गेला कोण जाणे. मी हाक मारली तर आली नाही. हात लांब करून आधी शेपटीचं टोक चाचपलं. गाठ लागली. मग तिथेच ओल्या फरशीवर बसून रडले. मावशी बाहेरून विचारत होत्या, "तुमचीच ना ताई?" त्यांना पोस्टर वाचता येत नव्हतं. 5,000 देऊ केले तर त्यांनी 500 घेतले, मुलीच्या वह्यांना. बाकीचे घेतले नाहीत. मी ज्याला पाच वेळा न मागता पैसे दिले असते, तो हा माणूस होता.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसतं दूध गरम करायला ठेवलं.

तेव्हा मांजर हरवलं तर आधी आपली आणि आजूबाजूची बिल्डिंग. पंपरूम, मीटरची खोली, जिन्याखालचं भंगार, गच्चीवरच्या टाक्या, बंद गाड्यांच्या खाली टॉर्च मारून. रात्री एक-दोन वाजता, रस्ता शांत झाल्यावर. मला नंतर दुसराच एकजण भेटला, "चिपवरून लोकेशन काढून देतो, फक्त 2,000". भेळला चिप नाहीच, पण असली तरी त्या चिपमध्ये बॅटरी नसते, नुसता एक नंबर असतो, आणि तो मशीन अंगाजवळ धरल्यावरच वाचता येतो. त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. फार बरं वाटलं.

फोन अजून येतात. भिवंडीत सापडलीय, शहाडला सापडलीय. कारण पोस्टर्स अजून आहेत. बैल गेल्यावर तेही काम केलं, स्टूल घेऊन खांबाखांबांवरून काढत फिरले. चाळीस लावली होती, सदतीस मिळाली. तीन जुळत नाहीत. एक स्टेशनच्या पुलाजवळ असावं, बाकी दोन कुठे लावली ते आठवत नाही. कोणाला दिसली तर कृपा करून फाडून टाका.