‘अंकल, बोर्ड गया’ : हँग होणारा डेस्कटॉप आणि साडेपाच हजारांची टोपी

बंद पडलेल्या कॉम्प्युटरबद्दल थाप मारणं तसं अवघड. तो चालू तरी होतो किंवा होत नाही. अधूनमधून हँग होणाऱ्या मशीनचं मात्र तसं नाही. कॅबिनेट उघडलं, ब्लोअर मारला, रॅम काढून परत बसवली, केबल हलल्या, की पुढचे चार दिवस ते आपसूक चालतं. त्या चार दिवसांत ‘अमुक पार्ट बदलला म्हणून ठीक झालं’ असं कुणीही म्हणावं आणि आपण मान डोलवावी. फसवणूक होते ती इथेच.

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका निवृत्त काकांचं हेच झालं. मशीन २०१२ चं : आय-थ्री २१२० प्रोसेसर, एच ६१ मदरबोर्ड (पुढे नुसता ‘बोर्ड’), डीडीआर-थ्री रॅमच्या ४ जीबीच्या दोन स्टिक, ५०० जीबीची हार्ड डिस्क. दिवसातून पाच-सहा वेळा अडकायचं. माउसचा बाण फिरे, पण क्लिक केलेलं काही उघडत नसे, कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा सलग पेटलेला राही आणि अर्ध्या-एका मिनिटाने सगळं पुन्हा सुरू होई. दुकानातल्या पोराने दहा मिनिटं पाहून निकाल दिला, “अंकल, बोर्ड गया.” बोर्ड ३,६००, विंडोज १,२००, मजुरी ७००. एकूण ५,५००, आणि बिल म्हणून पाठकोऱ्या कागदावर तीन आकडे.

खरं तर लक्षण ऐकूनच बोर्डावर बोट ठेवायला नको होतं. हँग होण्याचे प्रकार असतात. माउसही गोठला आणि कीबोर्डवरचं नम लॉक दाबून दिवा बदलत नसेल, तर रॅम, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) किंवा बोर्डावरचे फुगलेले कपॅसिटर बघावेत. मशीन आधी रेंगाळतं आणि मग धाडकन बंद पडतं, तर बहुधा उष्णता : हीटसिंकमध्ये (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांमध्ये) धूळ, त्याखालची वाळलेली पेस्ट, किंवा पंख्याच्या चार पुशपिनांपैकी एखादी सुटलेली. पण बाण फिरतोय, डिस्कचा दिवा जळतोय आणि थोड्या वेळाने मशीन सावरतंय, तर आधी डिस्क आणि तिला बोर्डाशी जोडणारी साटा केबल. बोर्डाची पाळी त्यानंतर.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर उघडा आणि दोन ओळी पाहा. सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट पाहणारे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे कप्पे. तिथे शून्याशिवाय काही दिसलं तर त्याच दिवशी बॅकअप घ्या. सी७ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेला डेटा, आणि ती वाट म्हणजे केबल. तोच डेटा पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो, विंडोज त्याची वाट बघत बसतं, आपल्याला वाटतं मशीन अडकलं. विंडोजमधल्याच इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये त्याच वेळेच्या १२९ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी सापडतात.

एक खोच आहे. हे सॉफ्टवेअर आकडे मुळात हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत, दाखवतं. काकांच्या डिस्कवर सी७ समोर ७३६ दिसत होतं, ते प्रत्यक्षात १,८४६. फंक्शन, अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज असं जाऊन दशमान करून घ्यावं. हा आकडा कधी मागे जात नाही, त्यामुळे तो किती आहे यापेक्षा वाढतोय का, हे महत्त्वाचं.

नव्या बोर्डावर दोन आठवडे तो १,८४६ वरच थांबला होता. म्हणजे दुरुस्ती खरी? काकांनी जुना बोर्ड हट्टाने परत मागून आणला होता, म्हणून पुढचं उलगडलं. (जुना बोर्ड परत घेताना प्रोसेसरच्या सॉकेटवर प्लॅस्टिकचं झाकण लावून मागा. या सॉकेटच्या पिना बोर्डावर असतात, पिशवीत एक वाकली तरी बोर्ड गेलाच.) प्रोसेसर, रॅम आणि तीच डिस्क जुन्या बोर्डावर लावली, जुन्या केबलसकट, आणि ४० जीबीच्या फायली कॉपी करायला घातल्या. आकडा १,८७१ वर गेला, मशीन दोनदा अडकलं. मग नव्या बोर्डाच्या खोक्यात आलेली केबल लावून तेच काम पुन्हा केलं. आकडा हलला नाही.

बोर्ड ठणठणीत होता. बदललेली गोष्ट होती ती केबल, नव्या बोर्डासोबत फुकट आलेली. जुनीला धातूची क्लिप नव्हती, आणि डीव्हीडी ड्राइव्हच्या मागे ती काटकोनात दुमडली होती.

विंडोजचे १,२०० देखील याच थापेच्या पोटातले. विंडोज १० चं डिजिटल लायसन्स बोर्डाशी बांधलेलं असतं, बोर्ड बदलला की ‘अ‍ॅक्टिव्हेट करा’ अशी पाटी येते, आणि मग ‘लाइफटाइम की’ विकायची सोय होते. एच ६१ चा ‘नवा’ बोर्ड हीसुद्धा गंमतच. हा चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) २०११ चा, आज कोऱ्या खोक्यात मिळतो तेव्हा चिप बहुधा जुन्या बोर्डावरून उतरवलेली असते.

तपासताना आणखी एक गोष्ट निघाली. टास्क मॅनेजरमध्ये रॅम ४ जीबी, दोनपैकी एकच स्लॉट भरलेला. दुसरी स्टिक दुकानातच राहिली होती. म्हणून मशीन देण्याआधी कॅबिनेट उघडून आतले फोटो घ्या. रॅमवरचं लेबल, डिस्कचा सीरियल नंबर, एसएमपीएसचं स्टिकर वाचता आलं पाहिजे. सीपीयू-झेड या मशीनचे पार्ट ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एसपीडी पानावर प्रत्येक स्टिकचा मेकर, वेग आणि बनल्याचा आठवडा असतो, त्याचाही फोटो. बिल पक्कं, पार्टच्या नंबरासह. ते नाकारलं तर मशीन उचलून घरी. झालेल्या व्यवहाराची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, पण हातात कागद हवा.

काकांकडे फोटो नव्हते. २०१२ चं बिल तेवढं फायलीत निघालं, त्यावर ‘४ जीबी, नग २’ असं छापलेलं. बोर्डाचे पैसे परत मिळाले नाहीत, “लगा हुआ माल वापस नहीं होता.” रॅम मात्र दोन दिवसांनी आली. सीपीयू-झेडमध्ये पाहिली तर १०६६ च्या वेगाची, २०१० च्या तेविसाव्या आठवड्यातली. मूळची १३३३ ची होती. आता दोन्ही स्टिक १०६६ वरच चालतात.