इंदूरचा आमचा अंतराळ क्लब : मुलांना घालावं का? माझं मत, डोळे मिटून घाला

आधीच सांगते, क्लबचं नाव इथे लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारीपण आहेत आणि ही सगळी मंडळी नोकरीधंदा सांभाळून, स्वतःच्या खिशातलं पेट्रोल जाळून हे काम करतात. इंदूरच्या मराठी घरांत विचारलंत तर दोन-चार जणांत पत्ता लागेलच, रामबाग-नारायणबागेकडची बरीच मुलं तिथे जातात. ना-नफा संस्था आहे, वर्षाची फी एखाद्या कोचिंगच्या एका महिन्याच्या फीपेक्षापण कमी. उद्देश काय तर अंतराळात काय चाललंय ते साध्या माणसाला कळावं, मुलांना ते नीट शिकता यावं आणि ज्याला त्यात पुढे काही करून दाखवायचंय त्याला कोणीतरी हात द्यावा.

माझी मुलगी सातवीत आहे, तिला घातलं आणि मागोमाग मीपण सभासद झाले. आता मुद्द्याचं. दुर्बीण बरेच जण दाखवतात, मेळ्यातपण दाखवतात, शनीची कडी बघितली की पोरं "वॉव" करतात आणि घरी जातात. इथला फरक असा की पोराने "असं का?" विचारलं की काम तिथेच थांबतं आणि जोवर त्याचं उत्तर त्याला स्वतःला सापडत नाही तोवर पुढे जात नाहीत, मग बाकीचा कार्यक्रम राहिला तरी चालेल. मला हेच सगळ्यात आवडलं.

उदाहरण देते, पाण्याचं रॉकेट. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, सायकलचा पंप, पुठ्ठ्याचे पंख, यूट्यूबवर शंभर व्हिडिओ आहेत याचे. पण इथल्या दादाने मुलांना सांगितलंच नाही की पाणी किती भरायचं. एका गटाने बाटली जवळजवळ भरून टाकली, रॉकेट जेमतेम उठलं आणि शेजारच्या बाकावर पडलं, दुसऱ्यांनी दोन घोट पाणी घातलं तर फुस्स करून संपलं. मग सगळी मैदानात बसून भांडली, आणि भांडता भांडता मुलांनीच काढलं की ढकलायचं काम दाबलेली हवा करते, पाणी जास्त झालं तर हवेला जागाच उरत नाही आणि वजनपण वाढतं, पाणी कमी झालं तर मागे फेकायला काही राहत नाही, म्हणून साधारण एक तृतीयांश बरं पडतं. त्यानंतर उडवायच्या आधी प्रत्येक रॉकेट जिथे तोललं जातं तिथे दोरी बांधून डोक्यावर गरागरा फिरवायला लावलं. नाक पुढे ठेवून फिरलं तर पास, आडवंतिडवं झालं तर नाकात थोडी माती भरा नाहीतर पंख मोठे करा आणि पुन्हा आणा. माझ्या मुलीचं नापास झालं, तिने तिथेच बसून नाकात चिकणमाती भरली, हात कोपरापर्यंत मातीचे, आणि दुसऱ्या वेळी ते सरळ गेलं हो, शेजारच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्याच्या वर. गॉगल सगळ्यांना सक्तीचे आणि पंप मारणारा सोडून बाकी सगळे दोरीच्या मागे, हे बघून आईच्या जीवाला बरं वाटलं.

23 ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिवस असतो, त्या दिवशीच्या कार्यक्रमात हाच धागा पुढे नेला. चांद्रयान-3 चा विक्रम लँडर (चंद्रावर उतरणारा भाग) 2023 मध्ये त्या दिवशी संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी उतरला, ते आपण सगळ्यांनीच श्वास रोखून बघितलं होतं. पण 2019 ला चांद्रयान-2 चा लँडर का आदळला आणि मग नेमकं काय बदललं, हे मला तरी कोणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. पाचच्या जागी चार इंजिनं ठेवली, पाय मजबूत केले, इंधन जास्त दिलं, आणि उतरायची जागा आधी 500 मीटर बाय 500 मीटर ठरवली होती ती वाढवून साधारण 4 किलोमीटर बाय अडीच किलोमीटर केली. म्हणजे विचारच असा की काय काय बिघडू शकतं ते आधी मांडा आणि ते बिघडलं तरी उतरता आलं पाहिजे अशी तयारी ठेवा. मग मुलांना कागद दिले, आपापल्या रॉकेटमध्ये काय बिघडू शकतं ते लिहा. एका छोट्याने लिहिलं "दादा पंप आणायला विसरेल", सगळा हॉल हसला, पण दादाने ते फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं आणि दुसरा पंप ठेवायचं तिथल्या तिथे ठरलं.

शून्य सावलीचा दिवस इंदूरकरांनी चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. आपण कर्कवृत्ताच्या थोडंसं खाली, 22.7 अंशावर, म्हणून जूनचा पहिला आठवडा संपता संपता आणि पुन्हा जुलैच्या सुरुवातीला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो (जुलैत ढग असतात, जूनवरच भिस्त ठेवा). ग्वाल्हेरच्या माझ्या मावसबहिणीला फोटो पाठवला तर ती म्हणाली आमच्याकडे कधी, तिला सांगावं लागलं की तुमच्याकडे कधीच नाही, तुम्ही कर्कवृत्ताच्या वर. क्लबवाल्यांनी गच्चीवर स्टीलचे पेले, पाईपचे तुकडे, झाडूचा दांडा असं काय काय उभं केलं होतं. बारा वाजले तरी सावली होतीच, मोठी माणसं कुजबुजायला लागली की काहीतरी गडबड आहे, तेव्हा कॉलेजमधल्या एका ताईने गणित मांडलं : भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, इंदूर 76 च्या जरासं अलीकडे, एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे आपली खरी दुपार साधारण 26 मिनिटं उशिरा. आणि तसंच झालं, सव्वाबारा उलटून गेल्यावर पेल्याची सावली पेल्याखाली गेली ती दिसेनाच. ऊन मरणाचं होतं पण कोणी हललं नाही.

हेच गणित पुढे उज्जैनच्या सहलीला कामाला आलं. जंतरमंतर म्हणजे सवाई जयसिंगांनी 18 व्या शतकात बांधलेली वेधशाळा, तिथल्या सम्राट यंत्रावर, म्हणजे मोठ्या सूर्यघड्याळावर, सावली बघून मुलांनी वेळ काढली, मिनिटं जोडली आणि मोबाईलशी ताडून बघितली. तिथे आम्हाला कळलं की वेधशाळेची पडझड झाली होती, 1923 च्या सुमारास ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराने ती दुरुस्त करवली आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी तिथलं काम सांभाळलं. आपल्या माळव्यातल्या मराठी मुलांना हे नाव माहीत नसावं याचं मला वाईट वाटतं, शाळेत कोणी सांगत नाही.

अजून एक संध्याकाळ माझ्या मनात घर करून बसलीये, ती उपग्रह आणि खेड्यांवरच्या व्याख्यानाची. 1975-76 मध्ये 'साइट' नावाचा प्रयोग झाला, नासाचा एटीएस-6 उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या 2400 गावांत टीव्ही पोचवला, त्यात मध्य प्रदेशपण होता. आणि पुढे 1996 ला इस्रोने अशाच कामासाठी झाबुआ निवडलं, आपल्यापासून दीडशे किलोमीटरवरचं झाबुआ, गावागावांत डिश लावून पाणी, शेती, आरोग्य यावरचे कार्यक्रम आणि लोकांना उलट प्रश्न विचारायची सोय. आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी झाबुआकडच्याच. "आधी शाळा बांधा, रॉकेट कशाला" असं म्हणणारे नातेवाईक सगळ्यांच्या घरात असतात, त्यांना एकदा या व्याख्यानाला न्यावं.

आता तक्रारी, आणि त्या मनापासून आहेत. वेळ अजिबात पाळत नाहीत. सहाचा कार्यक्रम पावणेसातला सुरू, तोवर लहान मुलं कंटाळून खुर्च्यांवर उड्या मारतात. बक्षीस समारंभात हारतुरे आणि भाषणं इतकी लांबली की ज्या मुलांनी मॉडेल केली होती त्यांना बोलायला एकेक मिनिटपण मिळालं नाही, हे मला फार खटकलं, समोर जाऊन बोललेपण. स्लाईड्स सगळ्या इंग्रजीत, बोलणं हिंदीत, आजी-आजोबांना निम्मं कळत नाही. महूजवळच्या जानापाव टेकडीच्या बाजूला रात्री आकाश बघायला नेतात, जागा सुरेख, अंधार छान, पण बायकांसाठी बाथरूमची काहीच सोय नाही, त्यामुळे मुलींच्या आया रात्रभर थांबायला तयार होत नाहीत आणि मग मुलीच गळतात. क्लबने बाकी काही नाही केलं तरी एवढं करावं, जवळच्या एखाद्या शाळेशी किंवा धर्मशाळेशी बोलून. आणि दुर्बिणीच्या रांगेत मोठी माणसं मोबाईल लावून फोटो काढत बसतात, मागे पोरं ताटकळतात, त्याला कोणीतरी आळा घालायला पाहिजे.

सभासदत्व घ्यायचं असेल तर दिवाळीनंतर घ्या. पावसाळ्यात आकाश दिसत नाही, तेव्हा नुसती व्याख्यानं आणि मॉडेलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खरी मजा, थंडी कडक असते म्हणून कानटोपी आणि दोन स्वेटर न्या, टॉर्चवर लाल जिलेटीन लावा नाहीतर ओरडा बसेल, आणि थर्मासमध्ये चहा जास्तीचा भरा, तिथे मागणारे खूप. पाचवीच्या खालच्या मुलांना रात्रीच्या सहलीला नेऊ नका, दिवसाच्या कार्यशाळेला जरूर न्या. फी रोख घेतात, पावती मागून घ्या, देतात.