नांदूर मध्यमेश्वर की ठाणे खाडी?

नाशिककरांनी एक रविवार पक्ष्यांसाठी काढला, तर जायचं कुठे? दोन्ही रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा आहेत, पण स्वभाव वेगळे.

अंतर आणि खर्च पाहिला तर नांदूर सरळ पुढे. निफाड तालुक्यात, तासा-सव्वा तासावर. ठाणे खाडीसाठी नवी मुंबईतली ऐरोली गाठायची, म्हणजे अख्खा दिवस आणि वर बोटीचं तिकीट.

खरा फरक पाण्याचा. खाडीत घड्याळ भरतीचं. ओहोटीला बोट चालत नाही. ऐन भरतीला चिखल बुडतो आणि रोहित (फ्लेमिंगो) उडून जातात. भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे दोन तास धरा. भरतीचं वेळापत्रक पाहूनच बुकिंग करा. नांदूरला पाणी बंधाऱ्याचं. पातळी चढली की काठचा चिखल बुडतो, चिखलात चरणारे तुतवार पक्षी पांगतात. तरी चक्रवाक, तलवार बदकं, वारकरी (काळे पाणपक्षी) आणि पाणवनस्पतींवर लांब बोटं पसरून चालणारी जांभळी पाणकोंबडी दिसतेच. पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर सकाळी लवकर जा, सूर्य पाठीशी ठेवा, आणि दुर्बीण विसरू नका.

लहान मुलं, नवशिके, कमी बजेट: नांदूर, डिसेंबर ते फेब्रुवारी. रोहितांचे मोठे थवे आणि तिवरं जवळून पाहायची असतील, तर ठाणेच.